पाटीवर मी बसते

मढच्या कोळीवाड्यात मी घरोघरी लसीकरणाचं सांगत फिरते. बायका चहा देतात, गप्पा मारतात आणि पोराचा विषय काढला की "बघू" म्हणतात. त्या "बघू"ने माझं डोकं फिरतं.

बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या एका तरण्या आईचं दोनदा "बघू" झालं. बाळाचा दुसरा डोस राहिलेला, आणि मागच्याच गल्लीत एका पोराला डांग्या खोकला! मी चिडले. "अगं, सुईला घाबरतेस होय?"

"सुईला कोण घाबरतंय?" तीही भडकली. "पहिल्या डोसनंतर रात्रभर तापलं. तापलेलं पोर मांडीवर बघून गिऱ्हाईक पाटीजवळ थांबत नाय. सासू म्हणते, मासळी नासली तर काय लस खायची?"

पण गप्प बसेन तर मी कसली! लसीकरणाच्या दिवशी सकाळीच बाजारात गेले. सासू बंदरावर मासळी घ्यायला गेली होती. "ऊठ," म्हटलं, "बाळाला टोचून आण. पाटीवर मी बसते."

"जमेल तुला?"

"त्यात काय एवढं!"

वाट लागली हो! पहिल्याच बाईनं विचारलं, "ताजं आहे ना?" कोळीण अशा वेळी माशाचा लाल कल्ला उघडून दाखवते, वर चार शब्द सुनावते. मी आपलं लसीच्या कामातल्या सवयीने म्हटलं, "थांबा, विचारून सांगते." बाई गेली. दुसरीने भाव निम्म्यावर आणला, मी "बरं" म्हटलं. शेजारच्या कोळणी पोट धरून हसल्या आणि एकीने बंदरावर निरोप धाडला.

सासू तोंडाचा पट्टा सोडतच आली. "ऊठ गो! पापलेट बोंबलाच्या भावात घालवलंस! सून कुठं हाय?"

तेवढ्यात सून आली, कडेवर रडून लाल झालेलं बाळ. आता माझी धडगत नाही, असं वाटलं. पण सासूने बाळाला ओढून घेतलं, कपाळाला हात लावला.

"आज तापंल ना?"

"तापेल. औषध दिलंय."

"उद्याची मासळी शेजारीण आणंल," ती सुनेला म्हणाली. "तू पाटीवर बस. पोराला मी बघते."

मला बाई, भरूनच आलं.

तिसऱ्या डोसला ती सासू सगळ्यांच्या आधी हजर. मागे आणखी तीन सासवा, कडेवर नातवंडं. मी खूश! माझं समजावणं कामी आलं म्हणायचं. तर त्यातली एक म्हणाली, "हिनं बाजारभर सांगितलंय. पोरं टायमावर टोचा, नायतर ती बया पाटीवर येऊन बसते."