साळूबाईची हाक

बेलापूरच्या नदीकडच्या आळीत साळूबाई म्हैस पिळायला बसली की आसपासच्या बायकांना वेळ कळे. "हूंऽऽ बय, हूंऽऽ बय," अशी ती हाक. 'हूं'ला अर्थ नाही. 'बय' म्हणजे आई म्हणावं, तर म्हशीला आई का म्हणायचं, ते साळूबाईला सांगता येत नसे. "धार काढताना असंच म्हनत्यात," एवढंच तिचं उत्तर. हाक सासूकडून आलेली. सासू गेली, नवरा गेला, मूल झालं नाही. हाक उरली, आणि चांदी नावाची म्हैस.

हाकेनंतर गप्पा. चांदी पान्हवली की साळूबाई तिला गावचं सगळं सांगे. कुणाची सून रुसली, गहिनीनाथच्या हॉटेलात दुधात किती पाणी पडतं. "मी घालते त्याच्यापरीस लई जास्त," असं म्हणून स्वतःच हसे. दिवसभरात तिचं सलग बोलणं काय ते एवढंच.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिचा आवाज घोगरा झाला आणि दिवाळीपर्यंत पार बसला. धाकटा दीर कचरू तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. स्वरयंत्रात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं आणि श्वासासाठी गळ्याखाली भोक ठेवलं.

महिन्याभराने ती परतली. श्वास नाकातून जात नव्हता, त्यामुळे वास येईनासा झाला होता. तोंडातून हवा येत नव्हती, त्यामुळे फुंकणी कोपऱ्यात पडली. चूल ती सुपाने वारा घालून पेटवू लागली. बघायला येणारा प्रत्येक जण तिच्याशी ओरडून बोले.

"आरं हळू! तिचा गळा गेलाय, कान न्हाई," शेजारची भामाबाई सांगून थकली.

मग लोकांनी ओरडणं सोडलं, आणि हळूहळू बोलणंही.

साळूबाई नसताना चांदीचं भामाबाईने पाहिलं होतं. रेडकू लुचू लागलं की चांदी पान्हवायची. रेडकू ओढून भामाबाई बसली की पान्हा चोरायची. शेवटी भामाबाईने साळूबाईची हाक मारून पाहिली. भिंतीपलीकडून बारा महिने ऐकलेली, तिला ती तोंडपाठ होती.

"हुबेहूब काढली गं तुझ्यावानी," ती साळूबाईला सांगत होती. "तर ही माझ्या मागं बघती. मी जनू निरोप्या, आन् तू दारात हुबी. तू न्हाईस म्हनल्यावर दिली लाथ."

साळूबाई गोठ्यात गेली. चांदीने तिचे हात हुंगले आणि मागे सरली. हातांना दवाखान्याच्या औषधाचा वास होता, तो साळूबाईला स्वतःला येत नव्हता. तिने कास धुतली, बसली, तोंड उघडलं. हाक निघाली नाही, गळ्याखालून नुसती हवा सुटली. चांदी बुजली. चरवी कलंडली. पुढे दोन-तीन दिवस असंच झालं. अंगाचा वास गेला, जुनं लुगडं नेसून झालं, तरी चांदी धार देईना.

कचरू म्हणाला, "वयनी, इकून टाकू. दूध न्हाई तर पोसायची कशाला? तुमी आमच्याकडं चला. तुमचं दोन घास आमाला काय जड हायेत?"

तो मनापासून म्हणत होता. साळूबाईने नाही म्हणून मान हलवली. चांदी गेली की चूल गेली. दिराच्या घरात कुणाच्या तरी उंबऱ्याशी गप्प बसून राहायचं, एवढंच मग उरत होतं.

"बरं, मंग येत्या बाजारापातूर बघू," कचरू म्हणाला.

बाजार दोन दिवसांवर आला. संध्याकाळी भामाबाई स्वतःच्या घरात भाकऱ्या थापत होती. भिंतीपलीकडे चरवी पुन्हा कलंडून वाजली, तसं तिने पिठाने भरल्या हातांनीच ओरडून सांगितलं, "साळे, बस खाली. हात तुझं, त्वांड माझं."

आणि तिने हाक दिली. "हूंऽऽ बय."

चांदीचे कान वळले. तिने भिंतीकडे पाहिलं. दुसऱ्यांदा हाक आली. साळूबाईची बोटं सडांवर चालत होती, तीच जुनी सवयीची बोटं. चांदी पाय रोवून उभी राहिली आणि पहिली धार चरवीत वाजली.

"दोन बायकांची मिळून एक गवळन झाली गं बाई," भामाबाई पलीकडून हसली.

कचरूने सकाळी येऊन भरलेली चरवी पाहिली. बाजाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

तेव्हापासून हा शिरस्ता पडला आहे. सकाळ-संध्याकाळ भामाबाई स्वतःच्या चुलीपुढूनच हाक देते आणि कामाला लागते. गप्पा ती मारत नाही. तिचं घर भरलेलं आहे, म्हशीशी बोलायचं तिला कारण नाही.

साळूबाई चांदीच्या पोटाला कपाळ टेकून धार काढते. तिचे ओठ हलत असतात. गहिनीनाथच्या दुधाचंही त्यात असेल. चांदी दूध देते. कान मात्र भिंतीकडे असतात.