मशीन कुठं बसवायचं

आमची नाव दोन्ही टोकांना निमुळती. तिला मागं सपाट फळीच नाही, आणि बाजारात मिळणारं नाव चालवायचं मशीन सपाट फळीवरच टांगायचं असतं. हे कळलं तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटले एकदाची.

आमचं शेत धरणाच्या फुगवट्यापलीकडे. उन्हाळ्यात तापीचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही टरबूज-काकडी लावतो. जायला शिडाची नाव. शिडाची दोरी उजव्या हातात, सुकाणू डाव्या, यात ह्यांचं आयुष्य गेलं. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. हे मात्र "हात येईन परत" म्हणत राहिले, आणि तोवर मशीन लावू म्हणाले. अंघोळ, गोळ्या, मालिश, सदऱ्याची बटणं, सगळं माझ्याकडे. त्यात आता हे. शेत कुणाला तरी वाट्यानं देऊन टाका, हे सांगून सांगून मी थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

बोदवडहून फिटर आला. त्याचा जन्म विहिरींवर पंप बसवण्यात गेलेला. त्यानं नावेच्या कडेला लोखंडी अँगल ठोकला आणि पंपासारखंच मशीन चार बोल्टांनी गच्च आवळून टाकलं. नाव काठाशी येताच मशीनच्या पाण्यातल्या पंख्यानं गाळात नांगरट सुरू केली आणि मशीन बंद पडलं. हे पोटभर हसले. माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं.

मग त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फाळक्याची बिजागरी आणली. आता उथळ पाण्यात मशीन वर उचलता आलं असतं. पण बसवायचं कुठं, हा प्रश्न होताच.

"नाना, मांगचं टोक कापू का?" तो म्हणाला. "तिथी सपाट फळी ठोकतो. सुकाणू नको, शीड नको. मशीनच वळवायचं. एका हाताचं काम, एकट्याले जमते."

काप बाबा, काप, असं मी मनात म्हटलं.

हे डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवत बसले. मग माझ्याकडे मान वळवून फिटरला म्हणाले, "नही. शीड राहू दे, सुकाणू मी धरतो. बाजूलेच बसव, मधल्या फळीपाशी, हिच्या हाताशी येईन असं. माझा हात काही आता परत येत नही."

मला राग आला. मला विचारलं का कोणी? मला धड पोहताही येत नाही. आणि वर्षभर जे ह्यांच्या तोंडून ऐकायची मला धास्ती होती, ते ह्यांनी असं परक्या माणसाला बिजागरी हातात असताना सांगून टाकलं. मी दमलेय, माझ्यानं हे होणार नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं.

फिटर मधल्या फळीपाशी मशीन धरून उभा होता.

"जरा खाली घे भाऊ," मी म्हणाले. "माझा हात तिथवर नही पुरत."