पेपरवाल्याची नोंद

डोंबिवलीत शाळेच्या भिंतीला लागून त्याचा स्टॉल होता. पेपर, तंबाखू, लॉटरीची तिकिटं, सगळं तिथंच. पण पेपरला हात लावण्याआधी तो ओल्या फडक्यानं बोटं पुसायचा. "तंबाखूचा वास लोकांच्या घरात कशाला, साहेब?" मी रोज सकाळी त्याच्याकडूनच पेपर घ्यायचो.

पुढे पालिकेच्या नकाशासाठी दुकानांची वर्गवारी करायचं काम माझ्याकडे आलं. समोर जास्त दिसेल ते लिहायचं, एवढाच नियम. शाळेजवळची तंबाखूची दुकानं उठणार, हे मला माहीत होतं. तरी मी गेलो दुपारी. पेपरची फळी रिकामी, तंबाखूच्या पुड्या तेवढ्या लटकत होत्या. मापाच्या टेपचं टोक त्यानंच धरलं. मी 'तंबाखू' लिहिलं.

त्यानं डोकावून वाचलं. "साहेब, दुपारपर्यंत पेपर राहतात का? तुम्ही तर रोज सकाळी येता."

"दिसतं तेच लिहावं लागतं."

फडक्यानं बोटं पुसून त्यानं फळीखालून घडी केलेला पेपर काढला.

"हा तुमचा. सकाळी न्यायचा राहिलेला."

नोंद पेन्सिलीची होती आणि खोडरबर माझ्या खिशातच होता. मी पेपर घेतला आणि पुढच्या दुकानाकडे वळलो.