स्लॅबखालची झोप

सुमनताई नोकरी काय करतात, हे त्यांच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. "लोकांच्या घरी जाऊन बसती आन् पगार घेती," असं ती जळकोटच्या बायकांना सांगायची. तिचं फारसं चुकत नव्हतं.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूरच्या आसपासच्या गावांत संस्थांची रीघ लागली, तेव्हा ताई बावीस वर्षांच्या होत्या. आमच्या संस्थेनं त्यांना एकच काम दिलं. ज्यांची माणसं गेली त्यांच्याजवळ बसायचं आणि ते बोलतील ते ऐकायचं. पुढं संस्था पाणलोटाकडं वळली, मग बचतगटांकडं, मग शौचालयांकडं. देणगीदार बदलला की ताईंच्या ओळखपत्रावरचं पद बदलायचं. कार्यकर्ती झाल्या, प्रेरिका झाल्या, संघटिका झाल्या. ताई मात्र दर मंगळवारी त्याच घरांत जायच्या. मांडीवर फॉर्म शौचालयाचा असायचा आणि कानावर पडायची ती स्वप्नं.

कारण लोक त्यांना स्वप्नंच सांगायचे. सगळी जुन्या गावातली. धाब्याची घरं, डोक्यावर घागरी घेऊन येणाऱ्या बायका, मेलेली माणसं ओट्यावर बसून तंबाखू मळताहेत आणि कुणालाच काही झालेलं नाही. ताईंनी ते गाव उभं असताना कधी पाहिलं नव्हतं. पण तीस वर्षं ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं. एकदा जुन्या गावठाणातून आमची जीप चालली होती. दोन्ही बाजूंना दगडांचे ढीग आणि बाभळी. ताई म्हणाल्या, "सर, ही शिंप्याची गल्ली. हितं वळताना डोकं वाकवावं लागायचं." मी हसलो. जीप वळली तेव्हा पाहिलं, तर त्यांनी खरंच मान खाली घातली होती.

हा 'सर' म्हणजे मी, रुद्रेश, नळदुर्गचा. एम.एस.डब्ल्यू. झालो आणि एकोणतिसाव्या वर्षी थेट त्यांचा साहेब म्हणून येऊन बसलो. त्यांची नोकरी माझ्या वयापेक्षा मोठी होती, तरी हजेरीवर सही माझी. या क्षेत्रात असले विनोद फार चालतात.

नवा देणगीदार आला आणि त्याच्याबरोबर टॅब आला. त्यात एक रकाना होता, 'लाभार्थीत दिसलेला बदल', आणि त्याखाली फोटो जोडायची जागा. ऐकण्याच्या कामातून कुणात काय फरक पडला, याचं मार्चअखेरपर्यंत एक तरी उदाहरण पुराव्यासह द्यायचं. नाहीतर ते काम बंद आणि ताईंचं पदही बंद. मला दुसरा प्रकल्प मिळणार होता. चौपन्न वर्षांच्या, दहावी शिकलेल्या बाईला कोण घेणार?

ताईंच्या यादीत पहिलं नाव गजराबाईंचं. भूकंपात त्यांचा नवरा आणि लेक गेली. सरकारनं नव्या गावात स्लॅबचं घर दिलं. बाईंनी अंगणात पत्र्याचं शेड घातलं आणि तिथंच संसार मांडला. घरात पुतण्याची सोयाबीनची पोती राहायची. बाई तीस वर्षांत उंबरा ओलांडून आत गेल्या नव्हत्या. ताईंनी कधी 'आत चला' म्हटलंही नव्हतं. मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मला ऐकायला ठेवलंय, वढायला न्हाय."

मार्चमधला एक मंगळवार. पत्रा इतका तापला होता की खाली बसवेना. ताईंचा चेहरा उतरलेला पाहून गजराबाई म्हणाल्या, "आत जाऊन पड जरा. फरशी गार हाय." ताईंना कित्येक वर्षं धड झोप नव्हती. डोळे मिटले की दुसऱ्यांचं गाव सुरू व्हायचं, आणि ताई त्या गल्ल्यांतून रात्रभर फिरायच्या. त्या आत गेल्या, पोत्यांच्या सावलीत आडव्या झाल्या आणि गाढ झोपल्या. कुठलंच गाव आलं नाही. नुसता गारवा, आणि लांब कुठंतरी पारवे घुमत होते.

जाग आली तेव्हा केसांत कुणाचा तरी हात होता. गजराबाई उशाशी बसल्या होत्या. एक हात ताईंच्या डोक्यावर आणि नजर वर, स्लॅबवर. पापणी हलत नव्हती. ताईंनी पुन्हा डोळे मिटून घेतले. हलले तर म्हातारी बाहेर जाईल, म्हणून ऊन उतरेपर्यंत तशाच पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हे सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलोच. तीस वर्षांतला बदल! "फोटो?" मी विचारलं.

"झोपले होते मी, सर."

दुपारीच टॅब घेऊन, ताईंना मोटारसायकलवर मागं बसवून मी तिथं पोचलो. गजराबाई शेडमध्ये तूर निवडत होत्या. मी गोड बोलून आत चला म्हटलं. "कशाला? आत कोन हाय?" त्यांनी सुपात तूर पाखडत विचारलं.

मग मी ताईंना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "ताई, जरा आत जाऊन पडा. डोळे मिटा. त्या येतील. मी खिडकीतून फोटो घेतो."

ताई माझ्याकडं बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, मावशी भेवानं आल्या व्हत्या. माझ्या अंगावर स्लॅब पडंल म्हनून. आता फोटोसाठी पुन्हा भेव घालू व्हय त्यास्नी?"

"तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे, ताई."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या आणि तूर निवडायला जाऊन बसल्या.

रकाना कोरा गेला. मार्च संपला, ताईंचं पदही संपलं. मला त्यांचा राग आला होता. लाज बरीच नंतर आली.

एप्रिलमध्ये त्यांचं अनुभवाचं प्रमाणपत्र द्यायला सास्तूरला गेलो. त्यांच्या खोलीला कुलूप होतं. "मंगळवार हाय न्हवं," शेजारीण म्हणाली. मी गजराबाईंकडं गेलो. शेड रिकामं होतं. घराचं दार उघडं होतं.

आत गजराबाई पोत्याला टेकून बसल्या होत्या. ताई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. फोनकडं माझा हात गेला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. गेला होता. मग मी तो मागं घेतला.

गजराबाईंनी मला पाहिलं. "पगार बंद झाला म्हनं हिचा," त्या कुजबुजल्या. "म्हनलं, मग आता कशाला आलीस? तर म्हनली, झोपायला."

मी दारातच प्रमाणपत्राचं पाकीट पुढं केलं.

"ठिव तिथं," त्या म्हणाल्या. "आन् हळू जा बाबा. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."