चार स्क्रूंची गिटार

ओरिजिनल या शब्दाची मला किळस येते. आमच्या तंजावुरात तो उठता-बसता ऐकावा लागतो. देवळाबाहेर मान डोलावणारी बाहुली विकणारा ओरिजिनल म्हणतो. आणि मराठा राजांच्या मागोमाग इकडे येऊन कित्येक पिढ्या झालेल्या, ज्यांच्या पोरांना मराठी अक्षर लागत नाही अशा आमच्या नातेवाइकांना तर आपण ओरिजिनल मराठी असल्याचं सांगितल्याशिवाय जेवण पचत नाही. त्यांत पहिला नंबर माझ्या थोरल्या भावाचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून अण्णांना दुसरा उद्योगच उरलेला नाही.

मी अण्णांच्याच घरात राहते. लग्न केलं नाही, सरकारी नोकरी केली आणि लहानपणापासून आत्याकडे वीणा शिकले. जाताना ती आपली वीणा मला देऊन गेली. फणसाच्या एका अखंड ओंडक्यातून कोरलेली, इथल्या बोलीत एकांडम. पोट, दांडी आणि मान वेगवेगळी करून जोडलेल्या वीणेला इथे ओट्टु म्हणतात, आणि म्हणताना नाक मुरडतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मांडी घालून बसायला कायमची बंदी केली. खुर्चीवर बसून वीणा वाजवून पाहिली. ती घसरते, हात अवघडतो, गाणं राहतं बाजूला. मग सहा महिने मी तारेला हात लावला नाही. त्या सहा महिन्यांत घरातल्या प्रत्येकावर खेकसले. शेवटी पुतणीने कॉलेजातल्या मैत्रिणीची इलेक्ट्रिक गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली. तारा बारीक, बोटाने सहज ओढल्या जातात, आणि सूर विरत नाही. मी तोडीतला गंधार ओढून पाहिला. तो आला. पुतणीसमोर मी घळाघळा रडले.

गिटार घ्यायची ठरली तसे अण्णा मध्ये पडले. "घ्यायची तर ओरिजिनल घ्यायची गे. पैशाचं मी पाहतो," म्हणाले. ज्या माणसाने बहिणीसाठी कधी वीतभर गजरा आणला नाही, त्याला एकाएकी हे औदार्य सुचलं. पैसे कुठून येणार ते मी विचारलं नाही.

राजवाड्याजवळच्या दुकानात दुकानदाराने दोन गिटारी काढल्या. एक साधी, आपल्याकडे जुळवलेली, माझ्या खिशाला परवडणारी. दुसरी परदेशी, ओरिजिनल. तिची किंमत माझ्या गुडघ्यापेक्षा जास्त. अण्णांनी पहिलीला पालथी घातली. मान जिथे अंगाला जोडली होती तिथे चार स्क्रू दिसले.

"अय्यो, हें तर ओट्टु!" ते असे मागे सरकले जणू कुणी शिळा भात वाढला.

मग त्यांनी दुसरी उचलली, कान लावला आणि बोटाच्या पेराने टकटक करून पाहिली. आमच्याकडे वीणा घेताना असंच पाहतात. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारांखालच्या चुंबकातून निघतो. तिच्या अंगात पोकळीच नसते, टकटक करून कळायचं काय? तरी ते डोळे मिटून मान डोलावत होते. दुकानदार मात्र बेरकी. त्याने लगेच ओळखलं.

"सार, ही एकांडम," तो हात जोडून म्हणाला.

धडधडीत खोटं. तिचीही मान जोडलेलीच होती, फक्त स्क्रूऐवजी सरसाने, आणि वरून रंग दिलेला. सांध्याची रेघ मला दिसली. मी तोंड उघडलं नाही. का, ते सांगते. मी दोन्ही वाजवून पाहिल्या होत्या. साधी बरी होती, चांगली म्हणण्याइतकी बरी. पण ओरिजिनल हातात घेतली आणि गंधार असा सुटला की आत्यानेही मान वर करून पाहिलं असतं. मला ती हवी होती. इतक्या वर्षांत कुठली वस्तू मला अशी हवीशी झाली नव्हती.

"सरि," मी म्हणाले. "हीच घेऊया."

दुकानदार खोका आणायला आत गेला. तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. अण्णा फोनवर बोलतात ते अख्ख्या वीथीला ऐकू जातं. "होय, संध्याकाळी गाडी घेऊन या," ते तमिळमध्ये सांगत होते. "एकांडम आहे, माझी गॅरंटी. हॉटेलच्या लॉबीत ठेवा, वर दिवा सोडा, पाहुणे फोटो काढतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय विकताय, अण्णा?"

त्यांना लाजही वाटली नाही. "वाजवतेस कां तूं ती? पडद्यांखालचं मेण वितळलंय, पडदे हललेत. कोपऱ्यात पडून आहे. तिच्या बदल्यात ओरिजिनल मिळत्ये कीं तुला."

"ती माझी आहे."

"आणि घर माझं आहे गे."

दुकानदार खोका घेऊन उभा होता. मी त्याला म्हटलं, चार स्क्रूवाली बांध. त्याने अण्णांकडे पाहिलं. मी माझं कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. अण्णा बाहेर जाऊन ऑटोत बसले. संध्याकाळी हॉटेलचा माणूस आला, त्याला मी दारातूनच परत पाठवला. तो फारसा खट्टू झाला नाही. फायबरची बनवून घेऊ, म्हणाला, लांबून फरक कळत नाही.

आता रोज पहाटे मी खुर्चीत बसून गिटार वाजवते. गंधार बरा येतो, चांगला म्हणण्याइतका. वीणा पलीकडे भिंतीशी असते. अण्णांनी वीणा नव्हे, आत्यालाच लॉबीत उभी करायला काढली होती, ही गोष्ट मी कुंभकोणमपासून पापनाशमपर्यंत सगळ्या नात्यात सांगितली. ऐकणारा प्रत्येकजण छी-थू करतो. दर वेळी सांगताना अण्णा थोडे आणखी नीच होतात आणि मी थोडी आणखी ताठ होते.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी सकाळी, दुकानात जायच्या आधी, मी अण्णांना माझ्या खोलीत पाहिलं होतं. शिवणाची टेप लावून ते वीणेची लांबी मोजत होते आणि आकडा पेनाने तळहातावर लिहीत होते. कशासाठी, ते मला त्याच क्षणी कळलं. मी दारातून मागे सरले, स्वयंपाकघरात जाऊन कॉफी प्यायले, चपला घातल्या आणि हाक मारली, "अण्णा, निघायचं ना?"