गच्चीच्या दाराचं कुलूप

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सिल्व्हर पार्कमधली ती दुपार डोक्यातून जात नाही.

चार मजली इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एक बाई कॉलेजच्या मुलींचं वसतिगृह चालवत होत्या. खाली मीटर बॉक्सनं पेट घेतला आणि जिना धुरानं भरला. मुली गच्चीकडे धावल्या, तर दाराला कुलूप. परत खोलीत येऊन त्यांनी फटींत ओले टॉवेल कोंबले, म्हणून वाचल्या. अग्निशमन दलानं शिडी लावून त्यांना उतरवलं.

"सर, सकाळपर्यंत दार उघडं होतं," एक मुलगी खोकत म्हणाली.

पंचनामा करून कुलूप जप्त केलं. कोरं करकरीत होतं. अग्निशमन अधिकाऱ्यानं मला बाजूला घेतलं. "इथलं गच्चीचं दार कायम बंद असतं, अशी फोनवर निनावी तक्रार होती. तपासणीला कधी येणार, तेही विचारून घेतलं होतं. आज दुपारी आम्ही तपासणीला येणारच होतो."

म्हणजे खोटी तक्रार खरी ठरवायला कुणीतरी कुलूप लावलं होतं. तळमजल्यावरचा रहिवासी दबक्या आवाजात म्हणाला, "साहब, बड़ी भाभी को पूछो. सुबह ऊपर गयी थी."

ही वसतिगृह चालवणाऱ्या बाईंची थोरली जाऊ. शेजारच्याच इमारतीत तिचंही वसतिगृह होतं, पण मुली एकेक करून धाकटीकडे गेल्या होत्या. तिची स्वतःची मुलगीसुद्धा.

ठाण्यात महिला हवालदाराला शेजारी बसवून मी फक्त कुलपाबद्दल विचारत राहिलो.

"मला काय माहीत? सोसायटीनं लावलं असेल."

बाई बधेना. शेवटी मी म्हणालो, "तुमची मुलगी वरच होती. धुरानं गुदमरली. दवाखान्यात आहे, आता धोका नाही."

"खोटं! तपासणीच्या वेळी ती कॉलेजात असते!"

तपासणीचा शब्द मी काढलाच नव्हता.

मग तिचा बांध फुटला. "बाकीच्या गेल्या, जाऊ दे म्हटलं. पण माझी पोर 'काकू, काकू' करत तिच्याच हातचं जेवतेय. मी जेवले का, विचारायला एक फोन नाही. कसं सहन करू, साहेब?"

संध्याकाळी धाकटी आली. "साहेब, घरातलंच आहे. मिटवून टाका ना."

"ताई, वर लोकांच्याही लेकी होत्या," मी म्हणालो आणि गुन्हा नोंदवला.

बरी झाल्यावर मुलगी जबाब द्यायला आली. त्या दिवशी ती कॉलेजला गेलीच नव्हती. आईकडे न बघता सही करून निघून गेली.

त्यानंतर वसतिगृह पाहायला गेलो की मी आधी गच्चीचं दार स्वतः ढकलून बघायचो. मग चालवणाऱ्यांना विचारायचो, कुणाशी बिनसलंय का? हे कुठल्या नियमात नाही. त्या बाईला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता, हे मी आजही मानतो. पण हेव्यानं तिला फक्त जाऊ दिसत होती. दारामागे अडकणाऱ्या मुली तिला दिसल्याच नाहीत, पोटची मुलगीसुद्धा.