चोवीस टाके

१६ नोव्हेंबर २०१९, शनिवार. विनोदी जादू आणि विविध करमणुकीच्या त्या संध्याकाळी तिकीटखिडकीवर पंचवीस हजार चारशे चाळीस रुपये जमले. एकशे वीस रुपयांची दोनशे बारा तिकिटं. मास्तरांना हा आकडा कोणी सांगितला नव्हता. ते विंगेत स्टुलावर बसले होते. गळ्यात टेप, कॉलरीत दोरा ओवलेली सुई आणि चेहऱ्यावर काम वेळेत दिल्याचं समाधान.

मास्तर म्हणजे शिंपी. सहा वर्षांपूर्वी तयार कपड्यांच्या दुकानांनी त्यांचं गिऱ्हाईक पळवलं आणि मशीनवर आच्छादन घालायची वेळ आली. त्या आठवड्यात जादूगार कोटाचं कापड घेऊन दारात उभा राहिला. "तयार कोटात कबूतर मावत नाही मास्तर. मला तुम्हीच लागता." कोट झाला, आत अकरा चोरखिसे झाले, आणि मग त्यानेच नाचणाऱ्या मुलींचे झगे आणले, चेंडू झेलणाऱ्याच्या विजारी आणल्या, बोलक्या बाहुल्याचं जाकीटसुद्धा आणलं. घर पुन्हा रुळावर आलं. मास्तर हे बोलून दाखवत नसत, पण जादूगाराचं काम आलं की बाकीची कापडं बाजूला सरकत.

यंदा जादूगार दोन महिने आजारी होता. उठला तो निम्मा होऊन. त्यानंतरचे दोन्ही प्रयोग पडले. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं, "आज लोक हसले नाहीत, तर पुढच्या महिन्यापासून तुमच्या जागी नकलाकार." अंगावर लोंबणारा कोट मास्तरांनी त्याच दुपारी आत घेतला आणि पडदा उघडायच्या बेताला धापा टाकत आणून दिला. जादूगाराने तो तसाच चढवला आणि तो रंगमंचावर गेला.

"कोट अगदी अंगासरसा बसलाय हो," जादूगाराची बायको म्हणाली. खेळात सामान देणं-घेणं तिच्याकडे. सगळे तिला वहिनी म्हणत.

"बसणारच. आणि डावीकडे आतून अस्तर उसवलं होतं, तेही शिवून टाकलं. चोवीस टाके. भिंग लावलंत तरी दिसायचे नाहीत."

वहिनींच्या हातातलं तबक खाली आलं. "अहो मास्तर, उसवलं नव्हतं ते! ह्यांनी ब्लेडने मुद्दाम फट केली होती, नव्या खेळासाठी. अंडं तिथून आत जातं!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा खिसे त्यांना पाठ होते. बारावा त्यांना कोणी सांगितलाच नव्हता, आणि उघडी शिवण दिसली की त्यांचा हात थांबत नसे.

तोवर जादूगाराने अंडं मुठीत धरलं होतं. मूठ कोटाखाली गेली, चाचपडली, पुन्हा चाचपडली. अंडं सुटलं आणि फट्कन बुटावर फुटलं. कोणी हसलं नाही. मागून कोणीतरी खोकलं. पहिल्या रांगेत मॅनेजरने घड्याळ बघितलं.

जादूगाराने बुटाकडे पाहिलं, कोट उघडून अस्तराकडे पाहिलं, मग विंगेकडे.

"मास्तर! जरा बाहेर या."

मास्तर उठले ते टेपसकट. दिव्यांनी डोळे दिपले.

"मंडळी, हे माझे शिंपी. मास्तर, हे काय केलंत?"

"अस्तर उसवलं होतं," मास्तर पुटपुटले.

"उसवलं होतं? तीन दिवस खपून मी ते उसवलं!"

पहिला हशा तेव्हा फुटला.

"किती टाके घातलेत?"

"चोवीस." आणि राहवलं नाही म्हणून, "दुहेरी दोऱ्याने."

आता सभागृह खदखदू लागलं. "काढा मग! सगळ्यांसमोर काढा!"

वहिनी कात्री घेऊन धावत आल्या, मास्तरांच्या हातात देऊन बाजूला झाल्या आणि जाताना जादूगाराला नवं अंडं देऊन गेल्या. मास्तर चष्मा सावरत कोटात शिरले. एक टाका निघाला. कोणीतरी "एक!" म्हणून ओरडलं. "दोन!" दहा जण ओरडले. बाराव्या टाक्याला दोनशे बारा माणसं मोजत होती आणि मास्तर ओरडत होते, "अहो घाई करू नका, कापड फाटेल!"

"चोवीस!"

जादूगाराने सगळ्यांना दाखवून अंडं त्या फटीत सोडलं. "आता कळलं ना कुठे जातं?" लोक म्हणाले, "कळलं!" त्याने कोट काढून उलटा केला, झटकला. अंडं नव्हतं.

"मास्तर, तुमच्या खिशात काय आहे?"

मास्तरांनी हात घातला आणि गार, गुळगुळीत अंडं बाहेर काढलं. ते इतके दचकले की लोक खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवू लागले. कोट त्यांनी स्वतः शिवला होता, अस्तराचा तुकडा न् तुकडा त्यांचा, आणि तरी अंडं कुठून कसं आलं ते त्यांना कळलं नाही. सहा वर्षं त्यांनी जादू विंगेतून, पाठीमागून पाहिली होती. आज ती त्यांच्यावर झाली.

आत आल्यावर मॅनेजर म्हणाला, "पुढच्या महिन्यात हेच ठेवा. शिंप्यासकट."

"माझ्यामुळे तुमची जागा जात होती," मास्तर जादूगाराला म्हणाले.

"गेली का? नाही ना? मग दर महिन्याला चोवीस टाके घालून आणायचे. मोजून." त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात अजून आजाऱ्यासारखा हलका होता. मास्तरांनी त्यावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मास्तरांची बायको आठव्या रांगेत बसली होती. घरी जाताना ती म्हणाली, "मी चार हाका मारल्या तरी तुम्ही मशीनवरून उठत नाही. तिथे बरे एका हाकेत पळालात!"

"त्याने हाक मारली होती," मास्तर म्हणाले. अंडं त्यांनी रुमालात गुंडाळून घेतलं होतं.

वहिनींनी घरून एकच अंडं आणलं होतं. नंतरची दोन, जादूगाराच्या हातातलं आणि मास्तरांच्या खिशातलं, त्यांनी धावत जाऊन कॅन्टीनमधून उचलली होती. "ती माझ्या नावावर मांडा," असं मास्तर निघताना कॅन्टीनवाल्याला सांगून आले.

त्या दोन अंड्यांचे सोळा रुपये अजून द्यायचे आहेत.